नोटीस शहरात, प्रत गावाकडे: विशेष विवाह कायद्याखालच्या एका लग्नाचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून जिल्हे, शहर आणि नोकरीचे काही तपशील झाकले आहेत. दोघांना इथे फक्त मुलगी आणि मुलगा म्हटलं आहे. मी त्यांची वकील होते.

पार्श्वभूमी

मुलगी मराठवाड्यातल्या एका तालुक्यातली, वय २६. नर्सिंग करून शहरातल्या खासगी रुग्णालयात लागलेली. मुलगा दक्षिण महाराष्ट्रातल्या जिल्ह्यातला, वय २९, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात. मुलीचं घर हिंदू, शेतकरी, गावात भावकी मोठी. मुलाचं घर बौद्ध. ओळख चार वर्षांची, आणि दोघं शहरात त्याहून आधीपासून राहत असलेले.

मुलाच्या घरी लग्नाला होकार होता. मुलीच्या घरी विषयच निघालेला नव्हता. उलट त्या वर्षी उन्हाळ्यात ती ड्यूटीवर असताना गावात तिची सोयरिक जुळवून सुपारी फोडण्यात आली आणि ते तिला फोनवर कळवण्यात आलं. त्यानंतर दोघं माझ्याकडे आले.

त्यांनी ठरवूनच आणलं होतं: लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ खाली, म्हणजे धार्मिक विधींशिवाय सरकारी विवाह अधिकाऱ्यासमोर करायचं, तेही मुलाच्या जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथे त्याचे आईवडील होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय होती, आणि एका एजंटाने सांगितलं होतं, "आधारवर तिथलाच पत्ता आहे ना? मग झालं."

अडचण

तसं होत नाही. या कायद्याखाली आधी नोटीस, म्हणजे लग्न करणार असल्याची लेखी सूचना, द्यावी लागते. कायद्याचं कलम ५ सांगतं की दोघांपैकी किमान एक जण, नोटीस देण्याच्या दिवसाच्या लगेच आधीचे किमान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहिला आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेच नोटीस द्यायची. जन्मगाव कुठलं, आधारवर काय छापलंय, शेतजमीन कुठे आहे, यावर ते ठरत नाही. मुलगा गेली काही वर्षं सणासुदीला दोन-चार दिवस घरी जाणारा. त्याचा जिल्हा या कलमात बसत नव्हता, आणि मुलीचाही नाही.

बसत होतं ते शहर, कारण दोघं खरोखर तिथे राहत होते. पण त्याचा कागद कुणाकडेच नव्हता. मुलगी एका घरगुती वसतिगृहात, महिन्याचे पैसे रोख, पावती नाही. मुलगा तीन मित्रांच्या खोलीत, भाडेकरार एका मित्राच्या नावावर. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, सगळ्यावर गावचे पत्ते. आपल्याकडे शहरात नोकरी करणाऱ्या बहुतेक तरुण मुलांची अवस्था हीच असते. माणूस शहरात, कागद गावात.

यात एक गोंधळ जवळजवळ प्रत्येक जोडपं करतं, म्हणून इथे थोडं थांबते. कायद्यात ३० दिवस दोनदा येतात. पहिले ३० दिवस नोटिशीच्या आधीचे, म्हणजे राहण्याचे. दुसरे ३० दिवस नोटीस प्रसिद्ध झाल्यानंतरचे, आक्षेप घेण्यासाठी दिलेले. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. "महिनाभरात लग्न होतं" असं ऐकून आलेल्यांच्या हातात राहण्याचा पुरावा नसेल, तर त्यांचं गणित पहिल्याच दिवशी कोलमडतं.

आणि खरी अडचण याच्याही पुढची. नोटीस शहरात दिली तरी ती शहरात राहत नाही. कलम ६ प्रमाणे विवाह अधिकारी नोटिशीची नोंद विवाह नोटीस पुस्तकात करतो. ते पुस्तक कुणालाही, फी न देता, पाहता येतं. नोटिशीची प्रत कार्यालयात ठळक जागी लावली जाते. शिवाय दोघांपैकी कुणाचं कायमचं वास्तव्य त्या जिल्ह्यात नसेल, तर तिची प्रत त्या दुसऱ्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे पाठवली जाते आणि तिथेही बोर्डावर लागते. म्हणजे या प्रकरणात तीन बोर्ड: शहरातला, मुलाच्या जिल्ह्यातला आणि मुलीच्या जिल्ह्यातला. तिसऱ्या बोर्डाचं नाव निघालं तेव्हा मुलगी बराच वेळ काही बोललीच नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मुलाच्या जिल्ह्याचा, एजंटाने सुचवलेला. तो मी लगेच बाजूला ठेवला. नोटिशीच्या नमुन्यातच सध्याचा पत्ता, तो कायमचा नसल्यास कायमचा पत्ता, आणि राहण्याचा कालावधी असे रकाने आहेत. तिथे "गावीच राहतो" लिहायचं म्हणजे सही करून खोटं सांगायचं. त्याच महिन्यांत कारखान्याच्या हजेरीपटावर त्याची शहरातली हजेरी. आक्षेप घेणाऱ्याला याहून सोपं काय हवं?

दुसरा पर्याय हिंदू विवाह कायदा, १९५५. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. कलम ७ प्रमाणे दोघांपैकी कुणाही एकाच्या रूढीनुसार विधी झाले की लग्न होतं. म्हणजे बौद्ध पद्धतीने लग्न लावून, मग महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली नमुना 'ड' भरून नोंदणी करता आली असती. नोटीस नाही, बोर्ड नाही, महिनाभर थांबणं नाही. मुलीच्या घरची परिस्थिती पाहता हा पर्याय मी गांभीर्याने समोर ठेवला होता.

मात्र त्याला एक अट होती: विधी खरोखर झाले पाहिजेत. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र "काढून देणारे" बरेच आहेत. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह वैध होत नाही. घाईत असं प्रमाणपत्र घेतलेली मुलगी पुढे नवऱ्याच्या निवृत्तिवेतनासाठी किंवा पोटगीसाठी उभी राहते, तेव्हा तिच्या पायाखाली काही नसतं.

दोघांनी हा पर्याय नाकारला. मुलाचं म्हणणं, "माझ्या पद्धतीने लग्न लावलं तर गावात म्हणतील पोरीला बाटवलं." मुलीचं म्हणणं वेगळं होतं. तिला कुठल्याच पद्धतीचं लग्न नको होतं. तिला असा कागद हवा होता की ज्यावर उद्या कुणी शंका घेणार नाही. विशेष विवाह कायद्याच्या कलम १३ खालचं प्रमाणपत्र हा लग्न झाल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. हे तिने स्वतः वाचून आणलं होतं.

तिसरा पर्याय उरला: शहरातच राहण्याचा कागद तयार करायचा, मग नोटीस, मग ३० दिवस. वेळ जास्त, आणि गावाला कळणार हे नक्की. दोघांनी तोच निवडला.

पहिला निर्णय: पत्त्याचा पुरावा

मुलाचा भाडेकरार संपतच आला होता. घरमालकांशी बोलून नव्या करारात त्याचं नाव घातलं आणि तो नोंदणीकृत केला. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या लिपिकाने कागद पाहून विचारलं, "करार आताचा आहे, मग ३० दिवस कसे धरायचे?" कायद्याला प्रत्यक्ष राहणं हवं, करारावरची तारीख नव्हे. पण खिडकीपलीकडच्या माणसाला समोरचा कागद दिसतो, खोलीत टाकलेली गादी नाही. वाद घालण्यापेक्षा कराराच्या तारखेपासून ३० दिवस उलटू द्यायचे ठरलं. या थांबण्याने काही बिघडलं नाही, कारण नोटीस अजून दिलेलीच नव्हती आणि गावाला काही कळलं नव्हतं. मधल्या काळात बाकीचे कागद जमवले: दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, छायाचित्रं, ओळखपत्रं, आणि मुलाच्या कारखान्याचं पत्र.

दुसरा निर्णय: कायमचा पत्ता लिहायचा की नाही

मुलीला तो रकाना मोकळा सोडायचा होता. किंवा शहरातलाच पत्ता कायमचा म्हणून द्यायचा होता. तिने मोबाइलवर एक बातमी जपून ठेवली होती: अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दिलेला निर्णय, की जोडप्याने लेखी मागणी केली नाही तर नोटीस प्रसिद्ध करू नये. "मॅडम, हे आपल्याला चालणार नाही का?"

तो निर्णय मला मनापासून पटतो. दोन सज्ञान माणसांनी लग्न करायचं ठरवलं तर त्यांची नावं, वय, पत्ते आणि व्यवसाय भिंतीवर का लावायचे, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. हिंदू पद्धतीने लग्न करणाऱ्यांना हे करावं लागत नाही. पण तो निर्णय उत्तर प्रदेशातल्या कार्यालयांना बांधतो, महाराष्ट्रातल्या नाही. इथल्या अधिकाऱ्यापुढे कलम ६ जसंच्या तसं उभं आहे.

पत्ता लपवण्याबद्दल मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या. नोटिशीत काही चूक राहिली म्हणून झालेलं लग्न आपोआप रद्दबातल होत नाही. त्याची कारणं कलम २४ मध्ये वेगळी दिली आहेत. पण लग्न होण्याआधी कुणी दाखवून दिलं की कायमचा पत्ता लपवला आहे, तर अधिकारी नोटीस परत करू शकतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय हिच्या सगळ्या ओळखपत्रांवर गावचाच पत्ता होता, लपणार तरी कसा? दोन दिवस विचार करून तिने स्वतःच्या अक्षरात गावचा पूर्ण पत्ता लिहिला.

तिला धीर आला तो एका गोष्टीने. कायद्याप्रमाणे प्रत जाते ती दुसऱ्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे. आईवडिलांच्या घरी नोटीस पाठवा, असं कायद्यात कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये तिथल्या कार्यालयांना घरच्या पत्त्यावर नोटिसा पाठवण्यापासून रोखलं होतं, तेही याच कारणाने. आम्ही अधिकाऱ्यांना भेटून हे विचारून घेतलं. त्यांनी सांगितलं, घरी पत्र जाणार नाही, पोलीस पाटलाकडेही नाही, फक्त कार्यालयाकडून कार्यालयाकडे.

तिसरा निर्णय: घरी कोण सांगणार, आणि कधी

मला वाटतं, सगळ्या प्रकरणाचा भार या एका प्रश्नावर होता. जिल्ह्याबाहेर नोटीस देणाऱ्या जोडप्यांना वाटतं की आपण अंतर मिळवलं. मिळतात ते फक्त काही दिवस, टपाल पोहोचून बोर्डावर लागेपर्यंतचे. त्या दिवसांचं काय करायचं, हे नोटीस देण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

मुलाचं मत होतं, लग्न झाल्यावरच सांगू. मुलीला आईला आधी सांगायचं होतं. मी तिच्या बाजूची होते, पण दोन अटी घातल्या. सांगायचं ते फोनवरून, शहरात बसून. आणि नोटीस दिल्याच्या दिवशी, आधी नाही.

दुसऱ्या अटीवर ती नाराज झाली. "आईला चोरून करतेय असं वाटेल." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण नोटिशीआधी घरी कळलं, तर तिला गावी बोलावून घेतलं जाण्याचा आणि ठरवलेलं लग्न उरकण्याचा धोका होता. हे मी अनेक घरांत होताना पाहिलं आहे. ओढूनताणून कुणी नेत नाही. आजी आजारी आहे असं सांगितलं जातं, मुलगी स्वतःच्या पायाने एसटीत बसते आणि फोन काढून घेतला जातो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नोटीस दिली. त्याच दिवशी पोलीस आयुक्तालयात आणि मुलीच्या वस्तीच्या पोलीस ठाण्यात अर्ज दिला: आम्ही सज्ञान आहोत, स्वखुशीने लग्न करत आहोत, आमच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका झाल्यास संरक्षण मिळावं. सोबत वयाचे दाखले आणि नोटिशीची प्रत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष नेमायला आणि गरज पडल्यास सुरक्षित निवाऱ्याची सोय करायला सांगितलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख केला. अर्जाची पोच हातात पडल्यावर मुलीचे खांदे जरा सैल झाले.

संध्याकाळी तिने आईला फोन केला. आई आधी रडली, मग एवढंच म्हणाली, "तुझ्या बापाला मी सांगते. तू फोन करू नको."

पुढे काय घडलं

मुलाच्या जिल्ह्यात नोटीस लागली आणि महिनाभर तशीच राहिली, कुणी विचारलंही नाही. मुलीच्या जिल्ह्यात ती लागल्यावर जमिनीच्या दस्तासाठी आलेल्या शेजारच्या गावच्या कुणीतरी फोटो काढला, आणि तो भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर गेला. फोटोत तिचं नाव, वय, मुलाचं नाव, आणि नावावरून कळायचं ते सगळं.

पण वडिलांना ते आठवडाभर आधीच माहीत होतं. आईने शब्द पाळला होता. मला हा या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा भाग वाटतो. फोटो घेऊन ओट्यावर आलेल्या मंडळींना वडील म्हणाले, "मला म्हाईत हाय, माझं मी बघतो." त्यांना लग्न मान्य नव्हतं, अजिबात नव्हतं. पण चारचौघांत खाली बघायची पाळी आली नाही, म्हणून त्या दिवशी तरी संतापाला वाट मिळाली नाही.

नंतर ती मिळाली. आजी आजारी असल्याचा निरोप आला. मुलीने आजीशी बोलू द्या म्हटल्यावर फोन बंद झाला. मग वडिलांनी तालुक्याच्या ठाण्यात मुलगी हरवल्याची तक्रार दिली. तिथून तिला फोन आला, "इथे येऊन जबाब द्या." मी सांगितलं, जायचं नाही. शहरातल्या ठाण्यात आम्ही गेलो, आधीच्या अर्जाची पोच दाखवली, तिने स्वतःच्या मर्जीने राहत असल्याचा जबाब लिहून दिला आणि तो तिकडे पाठवण्यात आला. तक्रार तिथे मिटली.

आक्षेप आणि चौकशी

मुदतीचे शेवटचे दोन दिवस उरले असताना मामा शहरात आले आणि विवाह अधिकाऱ्याकडे लेखी आक्षेप दिला. त्यात तीन मुद्दे होते: घरच्यांची संमती नाही, मुलगा दुसऱ्या धर्माचा आहे, आणि मुलीचं लग्न आधीच झालेलं आहे.

आक्षेप घेता येतो तो फक्त कलम ४ मधल्या अटींवर: लग्नाच्या वेळी कुणाचाही पती किंवा पत्नी हयात नसावी, संमती देण्याइतकी मानसिक क्षमता असावी, मुलाला २१ आणि मुलीला १८ वर्षं पूर्ण असावीत, आणि दोघं निषिद्ध नात्यात नसावीत. संमती आणि धर्म हे दोन मुद्दे अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे बाजूला ठेवले. तिसरा त्यांना ठेवता आला नाही. गावात फुटली होती ती सुपारी, पण अर्ज लिहून देणाऱ्याने लिहिलं होतं "विवाह झालेला आहे", आणि तो मुद्दा थेट कलम ४ मध्ये येतो. चौकशी करणं भाग होतं.

मुलगा इथे खचला. त्याला वाटलं, आता वर्षभर तारखा. पण कलम ८ प्रमाणे अधिकाऱ्याला आक्षेपाच्या तारखेपासून ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. आक्षेप मान्य झाला असता तर पुढच्या ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता आलं असतं. माझी काळजी वेगळी होती. कलम १४ प्रमाणे नोटीस दिल्यापासून तीन कॅलेंडर महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस संपते. नवीन नोटीस द्यावी लागते, म्हणजे पुन्हा तीन बोर्ड. जूनची नोटीस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच जिवंत होती, आणि चौकशी ऑगस्टपर्यंत जाऊ शकत होती.

चौकशीत मामांना विचारलं गेलं: लग्न कुठे झालं, कधी, कुणाशी, कुणी लावलं? त्यांच्याकडे सुपारीच्या कार्यक्रमाचे फोटो होते, आणि त्यात मुलगी कुठेच नव्हती. आम्ही रुग्णालयाचा त्या दिवशीचा ड्यूटीचा तक्ता दिला. पुढच्या तारखेला मामा आले नाहीत. अधिकाऱ्यांनी कारणं नोंदवून आक्षेप फेटाळला.

आक्षेप रास्त नव्हता असं दिसलं, तर आक्षेप घेणाऱ्याला १,००० रुपयांपर्यंत खर्च द्यायला लावता येतो, कलम ९ मध्ये तशी तरतूद आहे. मी विचारलं तेव्हा मुलगी म्हणाली, "मामानेच माझी नर्सिंगची पहिली फी भरली होती, मॅडम. नको." तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

निष्पत्ती

ऑगस्टच्या मध्यावर लग्न झालं. तीन साक्षीदार लागतात: मुलाची मोठी बहीण, मुलीची खोलीतली मैत्रीण आणि मुलीची मावशी. मावशी स्वतःहून, दुसऱ्या जिल्ह्यातून, कुणाला न सांगता आली. अधिकाऱ्यासमोर आणि साक्षीदारांसमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं सांगायचं असतं, आपल्याला समजणाऱ्या कुठल्याही भाषेत. दोघांनी मराठीत सांगितलं, सह्या केल्या, प्रमाणपत्र मिळालं.

वडील आले नाहीत. आई फोन करते, ते रानात गेलेले असताना. मामा बोलत नाहीत. हे लिहीपर्यंत मुलगी गावी गेलेली नाही.

भावकीत आणखी एक गोष्ट फिरत होती: रजिस्टर लग्न केलं म्हणजे हिचा जमिनीतला हक्क गेला. ते खरं नाही. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर कलम २१-अ प्रमाणे एकत्र कुटुंबातून वेगळं झाल्याचं धरलं जात नाही आणि वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच चालतो. मुलीला हिस्सा मागायचा नाही, निदान आत्ता तरी नाही. पण हक्क आहे हे तिला माहीत असावं म्हणून मी तिला ते समजावून सांगितलं. आंतरजातीय विवाहासाठी राज्य शासनाकडून मिळणाऱ्या ५०,००० रुपयांच्या अर्थसाहाय्यासाठी त्यांनी समाजकल्याण विभागाकडे अर्ज केला आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पत्त्याच्या पुराव्यासाठी गेलेला महिना वाचवता आला असता. लग्नाचा विचार पक्का झाला की, वकिलाकडे जाण्याच्याही आधी, दोघांपैकी एकाने बँकेच्या पासबुकावर शहरातला पत्ता बदलून घ्यावा, भाडेकरारात नाव घालावं, कंपनीकडून राहण्याच्या पत्त्याचं पत्र घ्यावं. दोघांचा पुरावा लागत नाही, एकाचा पुरतो. ज्याचं काम सोपं, त्याचं करावं.

नोटिशीचा दिवस निवडताना मागून मोजावं. तीन महिन्यांतून आक्षेपाचे ३० दिवस आणि चौकशीचे ३० दिवस वजा केले की हातात एकच महिना उरतो. तो हॉल, सुट्ट्या, शुभ तारीख यांत घालवू नये. या दोघांनी आधी लग्न सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मुलाच्या आईच्या सोयीने, करायचं योजलं होतं. तारीख अलीकडे घेतली नसती आणि कार्यालयात एखादा दिवस जरी वाया गेला असता, तर नोटीस हातातून गेली असती.

हिंदू विवाह कायद्याचा पर्याय या जोडप्याने विचारपूर्वक सोडला आणि तो त्यांचा हक्क होता. पण घरात आधी मारहाण झाली असेल, कोंडून ठेवलं असेल, उघड धमक्या आल्या असतील, आणि दोघांना तो कायदा लागू होत असेल, तर मी आजही आग्रहाने सांगेन की साक्षीदारांसमोर, फोटोंसह, खरे विधी करून लग्न करा आणि लगेच नोंदणी करा. बोर्डावर महिनाभर नाव लावून घेण्याइतकी जोखीम प्रत्येकाला परवडत नाही. ज्या दोघांपैकी एकाला तो कायदा लागू होत नाही आणि ज्यांना धर्म बदलायचा नाही, त्यांना मात्र ही मोकळीक नाही. त्यांच्यासाठी नोटिशीची सक्ती जाचक आहे, आणि ती बदलायला हवी असं माझं ठाम मत आहे.

आईला नोटीस दिल्याच्या दिवशी सांगण्याबद्दल मुलीचं आणि माझं आजही एकमत नाही. तिला वाटतं, आठवडाभर आधी सांगितलं असतं तर आई लग्नाला आली असती. मला वाटतं, आठवडाभर आधी सांगितलं असतं तर लग्न झालं असतं की नाही कुणास ठाऊक. तिच्या घराला ती माझ्याहून जास्त ओळखते, एवढं मी मान्य करते.

पोलिसांकडचा अर्ज फक्त शहरात दिला गेला होता. त्याच दिवशी एक प्रत मुलीच्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने गेली असती, तर तालुक्याच्या ठाण्यात हरवल्याची तक्रार घेताना समोर तिचा अर्ज असता. तिला आलेला "इथे येऊन जबाब द्या" हा फोन कदाचित टळला असता. आता येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी अर्जाच्या तीन प्रती करायला सांगते, जिथे नोटीस लागणार त्या प्रत्येक जिल्ह्यासाठी एक. घरून फोन आला तर काय बोलायचं आणि कुठे जायचं नाही, हेही त्याच दिवशी कागदावर लिहून देते.